मी जोडलेलं वाक्य

मे महिन्यात शिक्षकाला कामाला बोलावणं हे पाप आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. वर्षभर आम्ही निवडणूक करतो, सर्वेक्षणं करतो, शौचालयं मोजतो, उरलेल्या वेळात शिकवतोसुद्धा. एक मे महिना काय तो आपला. त्यातच गेल्या उन्हाळ्यात आदेश आला: पाच दिवसांची लेखन कार्यशाळा, नाशिकला, गंगापूर रोडवरच्या एका शाळेत, प्रत्येक केंद्रातून एक शिक्षक. आमच्या केंद्रातून माझं नाव गेलं, कारण मी सगळ्यांत ज्येष्ठ. ज्येष्ठ म्हणजे ज्याला बाकीचे पुढे ढकलतात तो.

मी घरात आदळआपट केली. "लेखन कार्यशाळा! तीस वर्षं पोरांना लिहायला शिकवतोय, आता मला कोण शिकवणार?"

बायको पोळ्या लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मीपण येतेय."

"कुठं?"

"तिथंच. आमच्या केंद्रातून मी."

मी म्हटलं, वा, तुलाही ढकललं म्हणायचं. तिने पोळी उलटली.

इथं आमच्या घरची परिस्थिती सांगायला हवी. मी निफाडजवळच्या एका गावात शिकवतो. बायकोही जिल्हा परिषदेचीच शिक्षिका, पण तिची शाळा पार सुरगाण्याकडे, डोंगरात. लग्नाला चोवीस वर्षं झाली. पहिली दहा वर्षं ती जवळच होती, मग बदली झाली ती तिकडे. चौदा वर्षं झाली त्याला. सोमवारी अंधारात उठून ती बस पकडते, शनिवारी संध्याकाळी घरी येते. आठवडाभर तिथं एका खोलीत राहते. मुलगा मोठा झाला, पुण्याला शिकायला गेला. मी आठवडाभर एकटा. खिचडीत मी आता तज्ज्ञ झालोय.

दर वर्षी बदल्यांचे अर्ज निघाले की मी पतीपत्नी एकत्रीकरणाचा अर्ज भरायचो. दर वर्षी काहीतरी आडवं यायचं. कधी जागा नाही, कधी नियम बदलले, कधी यादीत नाव आलं आणि यादीच रद्द झाली. नातेवाईक हळहळायचे, "काय बाई तिचे हाल! कधी होणार बदली?" मी सांगायचो, "प्रयत्न चालू आहेत." आणि होतेच चालू. मी केंद्रप्रमुखांकडे गेलो, साहेबांकडे गेलो, संघटनेच्या माणसाला घरी बोलवून जेवू घातलं. अर्ज मीच भरायचो, ती सही करायची. अलीकडे सगळं ऑनलाइन झालं, तेव्हा सहीच्या जागी तिच्या फोनवर येणारा ओटीपी आला, एवढाच फरक. ती आकडे सांगायची, मी टाकायचो.

गेल्या वर्षी मात्र योग जुळून आला होता. माझ्या शाळेपासून पाच किलोमीटरवरच्या शाळेतले गुरुजी निवृत्त झाले होते आणि यादीत तिचं नाव पहिलं होतं. अर्ज भरला की काम झालं. मुदत होती शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत. म्हणजे कार्यशाळेचा शेवटचा दिवस. मी बाकीचे सगळे रकाने आधीच भरून ठेवले होते. फक्त ओटीपी राहिला होता.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं एका बसमध्ये, एका सीटवर बसून निघालो. चौदा वर्षांत सोमवारी असं कधी झालं नव्हतं. बाहेर छाटलेल्या द्राक्षबागांना नवी पालवी फुटली होती, ठिकठिकाणी कांदा साठवायच्या चाळी भरण्याचं काम चाललं होतं. मी मजेत होतो. म्हटलं, "आता जूनपासून रोज असंच. तू तुझ्या शाळेत, मी माझ्या, संध्याकाळी दोघं घरी." ती खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "हं."

आता त्या "हं"चा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता का? पोरगं बाकावर नुसतं चुळबुळलं तरी मला कळतं त्याला लघवीला जायचंय. पण बायकोचा "हं" मला कळला नाही.

कार्यशाळेत आम्ही चाळीसेक जण होतो. शिकवायला एक ताई आल्या होत्या, माझ्या मुलापेक्षा पाच-सात वर्षांनी मोठ्या असतील. त्यांनी सगळ्यांना सतरंजीवर गोलात बसवलं. आम्हाला जमिनीवरून उठताना गुडघ्यावर हात ठेवावा लागतो याचा त्यांना पत्ता नव्हता. म्हणाल्या, "विषय नाही. जे आठवतंय ते लिहा. पंधरा मिनिटं हात थांबवायचा नाही."

माझ्या शेजारी नांदगावकडचे एक गुरुजी होते. जाडजूड, मिशीवाले, सतत घाम पुसणारे. ते माझ्या कानाशी लागले, "सर, विषय नाय, गुण नाय, शब्दमर्यादा नाय. मग लिहायचं काय डोंबल?"

मी हात वर करून तेच जरा सभ्य भाषेत विचारलं. ताई हसल्या. "काय लिहायचं ते मला कसं माहीत असणार, सर? आठवण तुमची आहे."

हे काय उत्तर झालं? मी वर्गात असं उत्तर दिलं असतं तर पालक शाळेवर मोर्चा घेऊन आले असते. पंधरा मिनिटांत मी दीड ओळ लिहिली आणि एक खोडली. समोर बायकोकडे पाहिलं तर ती खाली मान घालून भराभर लिहीत होती. मला आश्चर्य वाटलं. ही काय एवढं लिहितेय? घरी तर किराण्याची यादीसुद्धा मला तोंडी सांगते.

दुसऱ्या दिवशी माझा गोंधळ वाढला. मी "माझे बालपण" नावाचा झकास निबंध लिहिला. सुरुवात, मध्य, शेवट. शेवटी म्हण टाकली. ताईंनी वाचला आणि विचारलं, "सर, यात तुम्ही कुठे आहात?" मी म्हटलं, सगळीकडे मीच आहे की, माझंच बालपण आहे. त्या म्हणाल्या, "हा शेवट तुम्हाला खरंच वाटला होता, की निबंधाला हवा म्हणून आला?"

जेवणाच्या सुट्टीत मी मिसळीवर राग काढला. नांदगावचे गुरुजी म्हणाले, "शेवट नको म्हणतात म्हंजे काय? आपण तर पोरास्नी सांगतो, बाबांनो, सुरुवात कशी बी असू द्या, शेवट गोड करा."

अगदी हेच. तीस वर्षं मी हेच केलंय. साहेब तपासणीला आले की मुलांचे निबंध मीच मोठ्याने वाचून दाखवतो, आणि एखाद्या कच्च्या पोराचा निबंध मधेच तुटला असेल तर वाचता वाचता शेवटचं वाक्य मी जोडून देतो. कागदावर नसतं ते. "म्हणून मला माझी शाळा फार आवडते." साहेब खूश, पोरगं खूश. त्यात कुणाचं काय गेलं? आमच्यातला प्रत्येक मास्तर हे करतो. बाईसुद्धा करतात. कबूल कुणी करत नाही.

तिसऱ्या दिवशी, बुधवारी, ताईंनी नवाच नियम काढला. कागदावर नाव घालायचं नाही. लिहून झालं की घडी घालून खोक्यात टाकायचं. मग प्रत्येकाने एक कागद उचलायचा आणि उभं राहून मोठ्याने वाचायचा. कुणाचा आहे ते विचारायचं नाही. "नाव नसलं की माणूस खरं लिहितो," ताई म्हणाल्या.

माझी पाळी आली. मी कागद उलगडला. निळी शाई, वळणदार अक्षर, बाजूला समास सोडलेला. शिक्षकाचं अक्षर जसं असतं तसं. डी.एड.ला आमची अक्षरं एकाच साच्यातून काढलेली असतात. मी घसा साफ केला आणि वर्गात वाचतो तसा खणखणीत आवाजात सुरू झालो.

"माझ्या खोलीला एकच खिडकी आहे. तिच्यातून मोहाचं झाड दिसतं. पहिल्या वर्षी मी रोज रडायचे. घरमालकीण मावशी नागलीची भाकरी आणून ठेवायची आणि काही न बोलता दारात बसायची. दुसऱ्या वर्षी मी तिच्याबरोबर बसायला लागले."

वाचताना मला बरं वाटत होतं. म्हटलं, कुणी का असेना, लिहिलंय छान.

"तिथं मला कुणाला विचारावं लागत नाही की भाजी काय करू, डबा काय देऊ. शाळा सुटली की मी फळ्यावर दुसऱ्या दिवसाचा शब्द लिहून ठेवते आणि ओढ्यापर्यंत चालत जाते. मी पंचेचाळिसाव्या वर्षी पोहायला शिकले. हे घरी कुणाला माहीत नाही."

मी क्षणभर अडखळलो. कुणाची बायको असेल ही, असं खरंच माझ्या मनात आलं. बिचाऱ्याला माहीतही नाही.

"खोलीत शिरताना चौकट डोक्याला लागते. सामान लावायला हे आले होते तेव्हा यांच्या कपाळाला टेंगूळ आलं होतं. त्यानंतर हे कधी आले नाहीत."

बोंबला. माझा हात आपोआप कपाळावर गेला. टेंगूळ माझं होतं. गॅसची टाकी खांद्यावर घेऊन मी त्या चौकटीला धडकलो होतो आणि दिवसभर डोंगराला शिव्या घातल्या होत्या. चौदा वर्षांपूर्वीची गोष्ट. आणि हे अक्षर माझ्या बायकोचं होतं. चोवीस वर्षांच्या संसारात मला ते ओळखता आलं नव्हतं.

समोर चाळीस माणसं. थांबता येईना. तरी आवाज खणखणीतच राहिला. जित्याची खोड.

"शनिवारी दुपारी मी बस पकडते तेव्हा सगळे म्हणतात, बाई घरी निघाल्या. सोमवारी पहाटे परत निघते तेव्हा मला वाटतं, आता मी घरी निघाले. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. यंदा सांगितलं नाही तर परत सांगायची वेळच येणार नाही."

कागद तिथं संपला होता. खाली अर्धं पान कोरं. सगळे माझ्याकडे बघत होते. आणि मी, खरं सांगतो, विचार केला नाही. तोंडातून आपोआप निघालं:

"पण काही झालं तरी, आपल्या माणसांत राहण्यासारखं सुख नाही, हेच खरं."

मी कागदाची घडी घातली. टाळ्यांचा कडकडाट. नांदगावचे गुरुजी डोळे पुसत म्हणाले, "लय भारी. शेवट तर एकदम काळजाला लागला." मी बायकोकडे पाहिलं. तीही टाळ्या वाजवत होती. हळूहळू, माझ्याकडे न बघता.

परतीच्या बसमध्ये मी डोळे मिटून बसलो होतो. झोपेचं नाटक. डोक्यात नुसता कल्ला. तिला आवडतं तिथं? मग इतकी वर्षं सही का करत होती? की ते आपलं लिहिण्यापुरतं होतं, ताईंना खूश करायला? पोहायला शिकली? कुणाबरोबर? ओढ्याला पाणी असतं का एवढं? आणि माझं वाक्य तिला राग आणणारं होतं की सुटका करणारं? मला काही म्हणजे काही कळेना. राग आला होता, पण तो कुणावर काढायचा तेही ठरेना.

ओझरच्या पुढे तिने विचारलं, "अर्ज कधी पाठवायचाय? ओटीपी माझ्याच फोनवर येणार ना?"

अगदी शांतपणे विचारलं. डब्यात काय देऊ असं विचारावं तसं. मी डोळे उघडले. तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. मला जाणवलं की मी मागितला तर ती ओटीपी देईल. चौदा वर्षं सही देत आली तसाच. आणि जूनमध्ये सामान बांधून घरी येईल, आणि पुन्हा कधी काही बोलणार नाही.

"बघू उद्या," मी म्हटलं.

गुरुवारी आम्ही पोहोचलो तर हॉलमध्ये सुतळी बांधलेली, आणि तिला कपड्यांच्या चिमट्यांनी सगळे कागद लावलेले. ताईंची आणखी एक कल्पना. सगळ्यांनी फिरून वाचायचं. मी सरळ तो कागद काढून खिशात घालणार होतो, पण नांदगावचे गुरुजी आधीच त्याच्यासमोर उभे, चष्मा कपाळावर.

"सर," ते सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "काल तुमी वाचलं ते शेवटचं वाक्य हितं कुठंय?"

झालं. माणसं गोळा झाली. कागद हातोहात फिरला. मग जे सुरू झालं ते फक्त शिक्षकांतच होऊ शकतं. दोन तट पडले. एक तट म्हणाला, सरांनी बरोबर केलं, मूळ लिखाणाला शेवटच नाही, अधांतरी सोडलंय. एक बाई म्हणाल्या, "मीपण करते असं, मुलांसाठी." दुसरा तट म्हणाला, दुसऱ्याच्या लिहिण्यात आपण कोण हात घालणार. सिन्नरचे एक तरुण सर म्हणाले, "त्या एका वाक्याने सगळा अर्थच उलटा झाला की राव." कागद फिरत फिरत ताईंच्या हातात आला. मी भिंतीला टेकून उभा होतो, चोरी पकडलेल्या पोरासारखा.

मग ताईंनी विचारलं, "ज्यांनी लिहिलंय त्यांनाच विचारूया का? नाव सांगायची सक्ती नाही. पण त्यांना सांगावंसं वाटलं तर, ते वाक्य ठेवायचं का?"

माझी बायको पाण्याची बाटली हातात धरून उभी होती. तिने बाटलीचं झाकण लावलं, नीट घट्ट केलं, आणि हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा, कोपरातून सरळ.

"ते वाक्य माझं नाही," ती म्हणाली.

आम्ही नवराबायको आहोत हे सगळ्यांना ठाऊक होतं. सोमवारपासून "जोडीने आलेत, जोडीने आलेत" म्हणून चिडवणं चाललं होतं. आता हॉलमध्ये कुणी कुणाकडे बघेना. नांदगावच्या गुरुजींनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला, परत कपाळावर ठेवला. मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. लाज वाटली. आणि खोटं कशाला बोलू, संतापही आला. चारचौघांत! माझ्या बायकोने, चारचौघांत!

ताईंनी तो कागद तिच्या हातात दिला. तिने तो परत चिमट्याला लावला, होता तिथंच.

दिवसभर मी एक अक्षर लिहिलं नाही. नांदगावचे गुरुजी जेवताना माझ्या पानात स्वतःची शेंगदाण्याची चटणी वाढून गेले. भला माणूस.

चारच्या बसला आम्ही बसलो. निमाणी स्टँड सोडला, आडगाव गेलं. मी मनात भांडण तयार केलं होतं, मुद्द्यांसकट. मी चौदा वर्षं कुणाकुणाच्या पाया पडलो, तुला काय त्याचं? एकटा खिचडी खाल्ली, ते? सगळं ओठांवर होतं. पण तोंड उघडलं तेव्हा भलतंच निघालं.

"पोहायला कुणी शिकवलं?"

ती चमकली. "मावशीने."

"मावशीला पोहता येतं?"

"सत्तरीची आहे. मासोळीसारखी पोहते."

मग मला हसू आलं, आणि मग एकदम रडू आलं, म्हणून मी खिडकीकडे तोंड केलं. बऱ्याच वेळाने म्हटलं, "तुला इकडे यायचंय का?"

ती गप्प. बस खड्ड्यातून गेली. माझ्या जिभेवर तिचं उत्तर तयार होतं. "म्हणजे मुलगा सुट्टीला येतो, माझंही वय झालं, यायला तर हवंच ना?" असं काहीतरी. पोरगं फळ्यासमोर अडखळलं की मी तीन सेकंद थांबतो आणि उत्तर सांगून टाकतो. मी दात दाबून धरले. सुकेणे फाटा गेला. ती अजून गप्प. मी अजून गप्प. आयुष्यात मला कुठली गोष्ट इतकी अवघड गेली नसेल.

"चौदा वर्षांत हे पहिल्यांदा विचारलंत," ती म्हणाली.

"अगं पण तू सही करायचीस ना दर वेळी!"

"तुम्ही कागद पुढे करायचात. पहिली चार-पाच वर्षं यायचंही होतं मला, जीव तुटायचा. मग कधीतरी नाही यायचं असं झालं. कधी झालं ते मलाच कळलं नाही. आणि तुमची एवढी धावपळ बघून सांगू कशी? दर वर्षी अर्ज आपोआप अडकायचा. मला वाटायचं, सुटले. यंदा अडकेना. म्हणून कार्यशाळेला नाव दिलं."

"म्हणजे तुला ढकललं नव्हतं?"

"मीच मागून घेतलं. म्हटलं, पाच दिवस रोज बसमध्ये बरोबर आहोत, होईल धीर. कुठला होतोय? मग त्या कागदावर लिहिलं. चाळीस माणसांत तो तुमच्याच हातात यावा, काय म्हणायचं याला?"

"नाही यायचं म्हणजे?" माझा आवाज चढला. पुढच्या सीटवरच्या बाईने वळून पाहिलं. "आणि मी? मी कोण मग?"

"तुमच्यासाठी येते ना मी," ती म्हणाली. "दर शनिवारी येते. चार तास बसमध्ये बसून येते. पावसात घाट बंद असला तर लांबून फिरून येते. चौदा वर्षांत एक तरी शनिवार चुकवला का मी?"

नव्हता चुकवला. मी मनात शोधला, एक तरी सापडावा म्हणून. ताप असतानाही आली होती. आणि मग मला दुसरा हिशेब आठवला, जो ती बोलली नव्हती. मी किती वेळा गेलो होतो? एकदा. टेंगूळ आलं त्या दिवशी.

शुक्रवारी कार्यशाळेचा समारोप झाला, प्रमाणपत्रं मिळाली, गोलात बसून फोटो निघाला. पाच वाजले तेव्हा आम्ही स्टँडवर उसाचा रस पीत होतो. माझा फोन खिशात होता. तो मी काढला नाही. तिने घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आणखी अर्धा ग्लास मागवला.

मी शहाणा झालो वगैरे काही नाही. त्यानंतर आठ दिवस मी फुरंगटून होतो. बहिणीचा फोन आला, "झाली का रे बदली?" मी म्हटलं, "नाही." ती म्हणाली, "अरेरे, सरकारचं काम असंच." मी हो म्हणालो. खरं सांगायला मला महिना लागला, आणि सांगितलं तेव्हा बहीण म्हणाली, "तुझं डोकं फिरलंय का?" मला तरी कुठं माहीत होतं. अजूनही कधी कधी संध्याकाळी खिचडीची शिट्टी होते आणि वाटतं, आपण मूर्खपणा केला. तिने एकदा तरी म्हणायचं होतं, येते म्हणून. मग वाटतं, तिने म्हटलं असतं तर ते कुणाचं वाक्य असतं?

शाळा सुरू झाल्या. पहिल्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी तिला फोन केला. "आज तू निघू नकोस."

"का? काय झालं?"

"मी येतोय."

पलीकडे काहीतरी भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला.

उन्हं कलता कलता मी तिथं उतरलो. बसमध्ये पाठीचं भुस्कट झालं होतं. हे ती चौदा वर्षं करत होती. फाट्यापासून एकेकाला विचारत विचारत गेलो, "बाईंची खोली कुठं?" सगळ्यांना ठाऊक होती. मोहाचं झाड दिसलं. अंगणात एक म्हातारी नागली पाखडत बसली होती, काटक, ताठ. हीच ती मासोळी. तिने सूप खाली ठेवलं, माझी पिशवी बघितली, मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि आत तोंड करून ओरडली, "बाई, पाव्हणं आलं तुमच्याकडं!"

मी अंगणातच थांबलो. माझ्या बायकोच्या दारात मी पाहुणा. चपला काढाव्यात की नाही ते कळेना.

आतून तिचा आवाज आला. हात पुसत येत असावी.

"पाहुणे नाहीत गं मावशी, घरचेच आहेत," ती म्हणाली. "अहो, वाकून या. चौकट लागेल."